दुसऱ्यांदा थांबलेली गाडी

देल्फिना ओच्चेल्ली इतकं हळू बोलायची, की समोरच्याला थोडं पुढे वाकावं लागे. रोक्कास्पार्सा गावातली माणसं म्हणत, हिच्या वाटचं सगळं हिची गाडीच बोलून टाकते.

गाडी मुळात तिच्या वडिलांची. फिकट पांढरी, जुन्या घडणीची चिंक्वेचेंतो, म्हणजे नुसतं ‘पाचशे’. हेझलनटच्या एका चांगल्या हंगामानंतर वडिलांनी ती तोरिनोहून आणली, तेव्हा देल्फिना आठ वर्षांची होती. इतर गाड्यांत मागे सामान ठेवतात, हिच्यात तिथे दोन सिलिंडरचं इंजिन होतं. पुढे परिचारिका होऊन देल्फिना गावी परतली आणि टेकडीवरच्या पाच वस्त्यांचं काम तिच्याकडे आलं, तेव्हा वडिलांनी किल्ली तिच्या हातावर ठेवली आणि स्वतः पायी चालायला लागले. त्यालाही पस्तीस वर्षं झाली. लग्न तिने केलं नाही. का केलं नाही, हे पहिली दहा वर्षं लोक विचारत राहिले आणि मग विसरून गेले.

गावातली भट्टीची गल्ली चौकातून निघून चर्चपर्यंत चढते. वळणावर दोन्ही बाजूंना वीतभर जागा सोडून तिथे एवढीच गाडी जाऊ शके. चढावर ती धापा टाकणाऱ्या लहान जनावरासारखी टफ-टफ करत यायची. त्या काळच्या गियरना लाड लागत. दुसऱ्यातून पहिल्यात उतरायचं तर क्लच दोनदा दाबावा लागे. देल्फिना दोन दाबांच्या मध्ये जराशी रेंगाळायची, तिला ते कधी कळलंही नव्हतं. त्यामुळे गल्लीच्या वळणावर आवाज एक श्वासभर तुटे आणि मग खालच्या सुरात पुन्हा लागे. वडील चालवत तेव्हा तो असा तुटत नसे. डोळे मिटून बसलेला म्हाताराही सांगायचा, “देल्फिना आली.”

आणि ती कुठे थांबली, हेही सगळ्यांना कळायचं. सकाळी थांबली तर काही नाही: मलमपट्टी, इंजेक्शन, रक्तदाब. पण त्याच दिवशी त्याच दारात गाडी दुसऱ्यांदा थांबली, तर समोरच्या घरांतल्या बायका उठत आणि गल्लीकडच्या खिडक्यांच्या लाकडी झडपा ओढून घेत. कोणी कोणाला हाक मारत नसे. जाणाऱ्या माणसाला कोणी बघत बसू नये म्हणून, असं तरुण लोक सांगत. जाणाऱ्याचा जीव समोरच्या उघड्या खिडकीत अडकू नये म्हणून, असं म्हाताऱ्या सांगत. गाडी निघून गेल्याचा आवाज येईपर्यंत झडपा बंद राहत. मग एकेक उघडे, आणि त्यानंतर कोणीतरी सूप घेऊन त्या घरी जाई.

देल्फिनाला हे सगळं ठाऊक होतं. म्हणून रुग्णाच्या घरी थर्मामीटर विसरला, तरी ती गाडी मागे फिरवत नसे. चौकातून फोन करून तो खाली मागवून घेई. नोकरीला लागून थोडेच दिवस झाले होते, तेव्हा एकदा रक्तदाबाचा पट्टा राहिला म्हणून ती सरळ परत गेली होती. साध्या सर्दीने पडलेल्या बाईने पलंगावरून समोरच्या झडपा लागताना पाहिल्या, आणि मुलांना जवळ बोलावून आपल्या दागिन्यांच्या वाटण्या केल्या. बाई पुढे बावीस वर्षं जगली. तेवढी वर्षं तिने देल्फिनाला दारात उभं केलं नाही.

गेल्या वसंतात देल्फिनाच्या डाव्या गुडघ्याची शस्त्रक्रिया झाली. तो क्लच आता तिच्याने दाबवेना. नवी गाडी घ्यायचं तिच्या मनात नव्हतं, आणि तिला जमेल अशी दुसरी कुठलीही गाडी भट्टीच्या गल्लीत मावणारी नव्हती. तेव्हा टेकडीखाली गॅरेज असलेल्या इवोने सुचवलं, की हिलाच विजेवर करून टाकू. त्यासाठी तयार संच मिळतो, गियर तेच राहतात, इंजिनाच्या जागी मोटर आणि बॅटरी. एकदा गियर टाकला की क्लचला पाय लावायचीच गरज नाही.

“आतडं काढून पेसमेकर बसवायचा, एवढंच,” इवो म्हणाला.

“आणि आतडं?”

“ठेवतो फळीवर. तुझ्या बाबांचं आहे, भंगारात कसं टाकू?”

अशा रीतीने इंजिन इवोच्या गॅरेजातल्या फळीवर गेलं, आणि देल्फिनाची गाडी मुकी झाली.

पहिले काही दिवस लोकांना गंमत वाटली. गल्लीत खुर्ची टाकून शेंगा सोलणाऱ्या बायकांच्या पाठीशी ती अचानक येऊन उभी राहायची. हळू चालताना गाडीतून एक बारीक गुणगुण निघे. दुसऱ्या खोलीत कोणी ओठ मिटून गात असावं तशी. ती ऐकू येईपर्यंत गाडी कोपराला टेकलेली असे.

“अगं, खोकत तरी ये,” नोरिना म्हणाली. नोरिना तिची शाळेतली सोबतीण. “काळीज घशात येतं. मांजराच्या गळ्यातसुद्धा घंटा बांधतात लोक.”

“बांधू का?”

“बांध. चर्चची बांध.”

पण ऑक्टोबरात नोरिनाची आत्या गेली. तिचं घर नोरिनाच्या समोरच्याच रांगेत होतं. त्या दिवशी देल्फिना दुपारी दुसऱ्यांदा आली, तीन तास बसली, सगळं झाल्यावर निघून गेली, आणि गल्लीला काहीच कळलं नाही. झडपा उघड्याच राहिल्या. नोरिना तेव्हा खिडकीत गाद्या झटकत होती, आणि रेडिओही चालू होता. दुसऱ्या दिवशी ती देल्फिनाशी बोलली नाही. आठवडाभराने बोलली, तेव्हा खालमानेने.

“आत्या माझ्या गाद्यांकडे बघत गेली असेल.”

“तिचे डोळे मिटलेले होते, नोरिना.”

“तुला काय माहीत,” नोरिना म्हणाली.

तेव्हापासून गल्ली कान देऊन बसायला लागली. रेडिओ बंद झाले. सकाळी देल्फिना गाडीतून उतरायची तेव्हा खिडक्यांमागे कोणीतरी श्वास धरून उभं असल्यासारखं वाटे. सगळ्या गावाने कशाची तरी वाट पाहावी आणि ते काय हे कोणी बोलू नये, असे ते दिवस होते.

नोव्हेंबरात धुकं आलं. टेकडी त्यात बुडाली, की चौकातून चर्च दिसत नाही आणि चर्चमधून चौक. एका मंगळवारी सकाळी आठ वाजता देल्फिना सेकोंदो बेर्जेझिओच्या घरी पायाची पट्टी बदलायला गेली. सेकोंदो चौऱ्याऐंशी वर्षांचा, उभा जन्म कुत्रा घेऊन जंगलात जमिनीखालची अळंबी शोधण्यात गेलेला. नडगीवरची जखम भरत नव्हती, बाकी तब्येत खणखणीत. गावातली सगळी लहान माणसं त्याला बार्बा म्हणत, म्हणजे काका. देल्फिनाही म्हणायची.

“हात गार आहेत तुझे,” तो म्हणाला.

“बाहेर धुकं आहे, बार्बा.”

“लग्न केलं असतंस तर कोणीतरी शेकोटी पेटवून ठेवली असती.”

“आणि ती राख कोणी काढली असती?”

तो हसला. पट्टी झाली. ती तशीच पुढे सेर्राब्रुना वस्तीला गेली. तिथल्या सभागृहात दुपारी एकपर्यंत तिने चाळीस माणसांना फ्लूची लस टोचली. हे नंतर तिला बऱ्याच जणांना सांगावं लागलं.

बुधवारी सकाळी ती भट्टीच्या गल्लीत शिरली, तेव्हा सेकोंदोच्या घरासमोरच्या नऊच्या नऊ खिडक्या बंद होत्या.

तिला वाटलं, रात्री काहीतरी झालं. ती पायऱ्या चढून घाईने वर गेली. सेकोंदो पलंगावर उताणा पडला होता. गुळगुळीत दाढी केलेली, अंगात धुवट पांढरा सदरा. पलंगाखाली पॉलिश केलेले बूट जोडीने ठेवलेले. तिने मनगट धरलं. नाडी नेहमीची, सावकाश, रांगेत चालणाऱ्या माणसासारखी.

“बार्बा, काय होतंय?”

“काही नाही.”

“मग असे का निजलात?”

“तूच आलीस ना काल,” तो म्हणाला. “दुसऱ्यांदा. अकराच्या सुमाराला.”

“मी अकराला सेर्राब्रुनात होते.”

“तू असशील. गाडी इथे होती.” त्याने नजर छतावरून हलवली नाही. “चढून आली. वळणावर दुसऱ्यातून पहिल्यात घेतली. तू मध्ये थांबतेस तशी थांबली, तेवढाच वेळ. मग दाराशी आली आणि बंद झाली. पाय माझा गेला असेल, कान शाबूत आहेत.”

“बार्बा, त्या गाडीत आता इंजिनच नाही.”

“म्हणून तर,” सेकोंदो म्हणाला.

स्वयंपाकघरात त्याची बायको तेरेझिन काळ्या कोटाला इस्त्री करत होती. तिच्या डोळ्यांत पाणी नव्हतं. टेबलावर कालची थाळी झाकून ठेवलेली, तिला हात लागलेला नव्हता. “मीही ऐकलं,” ती म्हणाली. “आणि समोर झडपा लागल्या. त्यांनी त्या बघितल्या, आणि चमचा खाली ठेवला.”

देल्फिना खाली गल्लीत आली आणि तिने नोरिनाच्या खालच्या खिडकीवर टकटक केली. झडप बोटभर किलकिली झाली.

“उघड या. सगळ्यांना सांग उघडायला.”

“गेल्यावर उघडू.”

“बार्बा कुठेही जात नाहीये. जखमेशिवाय काही झालेलं नाही त्याला.”

“बार्बा नाही गं,” नोरिना हळूच म्हणाली. “गाडी. आलेली सगळ्यांनी ऐकली. गेलेली कोणीच नाही ऐकली.”

“म्हणजे?”

फटीतून नोरिनाने नुसती हनुवटी हलवली. देल्फिनाने वळून पाहिलं. सेकोंदोच्या दारासमोरचे दगड मोकळे होते. तेवढ्यात वरून एक बाई पाव घेऊन उतरत आली. त्या दाराशी पोचल्यावर ती सरळ चालली नाही. भिंतीला अंग चिकटवून, पिशवी वर उचलून, एखाद्या उभ्या वस्तूच्या कडेने जावं तशी गेली. पुढे येऊन तिने पिशवी खाली घेतली आणि देल्फिनाला नमस्कार केला, जणू काहीच वेगळं घडलं नव्हतं.

देल्फिनाच्या लक्षात आलं, की आपण स्वतःही आज गाडी दोन घरं आधीच लावली आहे.

ती मुद्दाम त्या दगडांवर जाऊन उभी राहिली. काही झालं नाही. पायाखाली तेलाचा डाग होता. जुनं इंजिन जिथे जिथे थांबे तिथे दोन थेंब सोडून जाई, अख्ख्या गल्लीत प्रत्येक दारासमोर असे डाग होते. हा चमकत होता. वाकून तिने बोट लावलं, बोट काळं झालं. धुक्याच्या ओलीत जुने डागही ताजे दिसतात, असं ती स्वतःशी म्हणाली आणि रुमालाला बोट पुसलं. दिवसभर त्या बोटाला वास येत राहिला.

सेकोंदोने बुधवारी काही खाल्लं नाही. गुरुवारी पाणीही सोडलं, नुसते ओठ भिजवू देई. डॉक्टर येऊन गेला. रुग्णालयात हलवू म्हणाला. सेकोंदोने शांतपणे, शुद्धीत, नको म्हणून सांगितलं आणि त्याचे आभार मानले. अशा माणसाला उचलून नेता येत नाही. जाताना जिन्यात डॉक्टरने देल्फिनाला सांगितलं, की या वयात मूत्रपिंडं फार वाट बघत नाहीत, शनिवारनंतर आपण काही करू शकू असं वाटत नाही. ते तिलाही माहीत होतं. पस्तीस वर्षांत तिने पुष्कळांना जाताना पाहिलं होतं, पण आपल्या येण्यामुळे कोणी जातंय हे तिने पाहिलं नव्हतं.

तिने सगळं करून पाहिलं. सेर्राब्रुनाची लसीकरणाची यादी आणून दाखवली. चिडलीही, जे ती कधी करत नसे.

“एवढं सगळं कळतं तुम्हाला, जंगलात दोन हात खोल काय आहे ते कळतं, आणि एवढं कळत नाही, की तुम्ही धडधाकट आहात?”

“कुत्र्याने एकदा जागा दाखवली, की खणायचंच असतं, पोरी. पटलं नाही म्हणून पुढे जायचं नसतं.”

त्याचा आवाज कोरडा, सालीसारखा झाला होता. तिने कापूस भिजवून त्याच्या ओठांना लावला आणि स्वयंपाकघरात जाऊन खुर्चीवर बसली. तेरेझिन कोटाची बटणं तपासत होती. 

“देल्फिना,” तेरेझिन म्हणाली, “कोणाची का असेना म्हणू नकोस. आली ती तुझीच गाडी. तू इथे नव्हतीस हे मला मान्य आहे. पण तुझी आहे. तूच घेऊन जा ती.”

“कुठून घेऊन जाऊ? तिथे काही नाहीये.”

“ते मला नको सांगूस. माझ्या दारात उभी आहे, मला झोप येत नाही.”

देल्फिना उठली आणि सरळ टेकडीखाली इवोकडे गेली.

इंजिन फळीवर होतं. वर धूळ होती, कार्ब्युरेटर आणि भिंत यांच्यामध्ये कोळ्याचं जाळं अखंड होतं. तिने पालथा हात त्याच्यावर ठेवला. गार. तिला हायसं वाटलं की नाही, हे तिचं तिलाच ठरवता आलं नाही.

“मंगळवारी हे चालू केलं होतंस?”

“जाळ्यासकट?” इवो म्हणाला. “सगळं गाव मला हेच विचारतंय. एकाने तर विचारलं, बार्बासारखी इंजिनाचीही दाढी झाली का.”

“हे परत गाडीत बसव.”

इवोने हातातला पाना खाली ठेवला. तिने त्याला सगळं सांगितलं. ऐकून तो हसला नाही. त्याची आई त्याच गल्लीत वारली होती, आणि झडपा लागताना त्यानेही पाहिल्या होत्या.

“माझ्या व्हॅनमध्ये ठेवून आवाज काढू. फक्त आवाजच हवा ना?”

“व्हॅन गल्लीत शिरत नाही. आणि वळणावर तो तुटला पाहिजे, जसा तुटतो तसाच. ते पायाने होतं.”

“तुझा गुडघा?”

“दोनदा दाबेल. दोनदाच.”

इवो डोकं खाजवत राहिला. “इंजिन बसवणं कठीण नाही. मागची बॅटरी आणि मोटर काढली की ते आपल्या जागी जाऊन बसतं. उद्या दुपारपर्यंत देतो. पण मला एक सांग, तू वर नेतानाच ते वाजणार. लोक म्हणतील, अजून एकदा आली.”

हे देल्फिनाच्या डोक्यातच आलं नव्हतं. ती गाडीला टेकून उभी राहिली. येण्याचा आवाज न होता आत जायचं आणि फक्त जाण्याचा आवाज करायचा.

“मागच्या रस्त्याने ओढून चर्चपर्यंत ने,” ती हळूहळू म्हणाली. “इंजिन बंद ठेवून. तिथून गल्ली उताराची आहे.”

“लोटून देऊ?”

“हो. मी ब्रेकवर उतरवीन. त्याच जागेवर नेऊन थांबवीन.”

इवो तिच्याकडे बघत राहिला. “त्या जागेवर?”

“दुसरीकडून निघाली, तर ती दुसरीच गाडी होईल.”

शुक्रवारी दुपारी बारा वाजताही चर्चच्या पायऱ्या धुक्यात अर्ध्यावर संपत होत्या. इवोने व्हॅनला बांधलेली गाडी सोडवली, गाडीच्या मागे उभा राहिला आणि खांदा लावला. देल्फिनाने काच खाली केली. चाकं दगडांवरून फिरायला लागली. इतक्या महिन्यांनी गाडीत पेट्रोलचा वास होता, वडिलांच्या कोटाला यायचा तसा, आणि गाडी मात्र मुकीच होती. बंद झडपा दोन्ही बाजूंनी सरकत होत्या. कुठूनही काही ऐकू येत नव्हतं. तेरेझिनच्या दाराचा दिवा दिसला, तसा तिने ब्रेक हलकेच दाबला.

शेवटचे दोन हात राहिले आणि तिला वाटलं, आपण भरलेल्या जागेत शिरतो आहोत. लागणार, असं अंगाला कळतं तसं. पाय आपोआप ब्रेकवर आवळला गेला. गाडी थांबली. तिने दात आवळून पाय सैल केला आणि तेवढे दोन हात पुढे जाऊ दिलं. काही लागलं नाही. आत गारवा मात्र वाढला, किंवा तिला घाम आला होता.

तिने किल्ली फिरवली आणि दोन आसनांमधली स्टार्टरची दांडी ओढली. इंजिन खोकलं आणि विझलं. दुसऱ्यांदाही तसंच. वरच्या मजल्यावर सेकोंदोची खिडकी होती. तो ऐकतो आहे, हे तिला पाठीला कळत होतं. तिसऱ्यांदा तिने दांडी ओढली आणि धरून ठेवली, आणि टफ-टफ-टफ, सगळी गल्ली भरून गेली. भिंतींमध्ये तो आवाज कोंडला आणि उंच झाला. तिने गाडी सोडली. वळणावर आली तसा गुडघ्याने नकार दिला, पण ती दाबत गेली. एकदा. मग तो श्वास, जो आजवर आपण घेतो हे तिला माहीत नव्हतं आणि आज मुद्दाम घ्यावा लागला. मग दुसऱ्यांदा. आवाज खालच्या सुरात लागला आणि ती चौकात उतरली.

मागे झडपा उघडायला लागल्या. एक, मग दोन एकदम, मग बाकीच्या. लाकूड भिंतीवर आपटल्याचे आवाज धुक्यातून खाली आले.

चौकात कारंज्याजवळ तिने गाडी उभी केली, हातब्रेक लावला, किल्ली काढून कोटाच्या खिशात टाकली आणि लंगडत गल्ली चढली.  नोरिना वरच्या खिडकीत पूर्ण वाकून उभी होती. तिथून वळणापलीकडचा चौक दिसतो, आणि तिथे धुकं जरा विरळ होतं.

“गेली बाई,” नोरिना म्हणाली. तिचा चेहरा महिन्यानंतर पहिल्यांदा सैल दिसला.

इवो चर्चकडून पायी उतरून आधीच वर पोचला होता. तो जिन्याच्या दारात चिंधीला हात पुसत उभा होता. खोलीत तेरेझिनने सेकोंदोला उशांना टेकवून बसवलं होतं. तिच्या हातात कोंबडीच्या सुपाचा वाडगा, त्यात बोटभर लाल वाईन ओतलेली, आजाऱ्याला देतात तशी. खिडकी उघडी होती आणि समोर नोरिनाच्या गाद्या दिसत होत्या.

“घ्या, बार्बा,” देल्फिना म्हणाली. “गेली ती.”

तेरेझिनने चमचा पुढे केला. सेकोंदोने तोंड उघडलं नाही. त्याने मान किंचित कलती केली होती, जंगलात करायचा तशी.

“चौकात थांबलीय,” तो म्हणाला.

तेरेझिनने चमचा वाडग्यात परत टेकवला.

“कारंज्याजवळ. निघाली इथून, पण गेली नाही. बंद केलीस तू.”

 खरंच होतं. तिने दारापासून हलवली आणि दीडशे पावलांवर सोडून आली. गावाबाहेर, खालच्या रस्त्याला लावायला हवी होती.  “जाते मी,” देल्फिना म्हणाली. “आत्ता नेते.” तिने खिशातली किल्ली मुठीत घेतली आणि वळली. गुडघा मुडपला म्हणून तिने दाराची चौकट धरली.

आणि तेव्हाच खाली चौकात इंजिन सुरू झालं.

ते खोकलं नाही, अडखळलं नाही. पहिल्या झटक्यात लागलं, आणि थोडा वेळ जागेवरच धापा टाकत राहिलं. इवोने देल्फिनाकडे पाहिलं. देल्फिनाने मूठ उघडली. किल्ली तिच्या तळहातावर होती.

आवाज चौकातून निघाला. दरीकडच्या उताराला लागला. तिथल्या पहिल्या वळणावर तो तुटला, एक श्वासभर, आणि देल्फिनाने नकळत तेवढा वेळ श्वास धरला. मग खालच्या सुरात पुन्हा लागला, द्राक्षमळ्यांच्या मागे गेला, बारीक होत गेला, सेर्राब्रुनाच्या पुलापर्यंत ऐकू आल्यासारखा वाटला, आणि पुढे धुकंच उरलं.

“हातब्रेक लावला होतास ना?” इवोने फार हळू विचारलं.

“लावला होता.”

समोरच्या खिडकीतून नोरिना खाली चौकाकडे बघत होती. बऱ्याच वेळाने तिने मान इकडे वळवली. “देल्फिना,” ती म्हणाली. “तुझी गाडी इथेच आहे गं. कारंज्यापाशी. हललेली नाही.”

देल्फिना खिडकीपाशी गेली नाही. ती पलंगाच्या कडेवर बसली. सेकोंदोची मान आता सरळ झाली होती. त्याने तेरेझिनच्या हातातला चमचा स्वतःकडे घेतला, तोंडाशी नेला, आणि गिळला. गळ्याची हाडं वरखाली झाली. त्याने पुन्हा वाडग्यात चमचा बुडवला. तिसऱ्या घोटानंतर तो थांबला, आणि तिघंही त्याच्या तोंडाकडे बघत राहिली.

“मीठ कमी आहे,” तो म्हणाला.

तेरेझिन मीठ आणायला आत गेली.